गॉगल कपाटातच

मोतीबिंदू दाखवायला मी कोल्हापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी शिरोलीच्या फौंड्रीतला एक कामगार होता. तळहातानं चांगला डोळा झाकायचा, लाल डोळ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचा, परत हात काढायचा. सारखं तेच.

"काय झालं, पावणं?"

"ग्राइंडरवर लोखंडाचा कण उडाला, आज्जी. फोरमननं लोहचुंबकानं काढला. म्हणाला, निघाला, लाग कामाला. पण दुसरा एक आत राहिला की!"

दवाखान्यात तो चौथ्या दिवशी आला होता. आता ऑपरेशनसाठी थांबला होता. आल्या आल्या त्या डोळ्यानं समोर धरलेली बोटं मोजता आली असती तर नजर परत यायची आशा जास्त होती, असं डॉक्टर म्हणाले होते. याला नुसता उजेड कळत होता.

"गॉगल देत न्हाईत?"

"हाईत की, सायबांच्या कपाटात. तपासणीला कोण आलं की घालायला देत्यात." वर म्हणतो कसा, "फोरमन माणूस चांगला हाय. सोताच्या हातानं काढला."

माझं डोकंच फिरलं.

त्यानं पुन्हा चांगला डोळा झाकला. "आज्जी, बोटं दाखवा बघू."

मी पाच दाखवली.

"दोन?"

मी हात खाली घेतला. हीच पाच त्या फोरमनच्या गालावर उठवली असती, तर त्याला आरशात बरोबर मोजता आली असती.