परत न आलेली फ्रेंच बाई

आमच्या यजमानांना फ्रान्सचा एक जुना कादंबरीकार फार प्रिय. त्याची बारा पुस्तकं, इंग्रजीत केलेली, कुवेंपुनगरच्या आमच्या घरी काचेच्या कपाटात आहेत. देव मी पुसते, ती पुस्तकं हे पुसतात. मी शिकले चौथीपर्यंत, तेही कन्नडमध्ये. मराठी अक्षरं आईनं घरी घोटून घेतली. तेव्हा ती बारा पुस्तकं मला यांच्या तोंडूनच कळली. थंडीत मी भिजवलेल्या अवरेकाळूची, म्हणजे वालाच्या दाण्यांची, सालं काढत बसायची आणि हे गोष्ट सांगायचे. एका दाण्याला हात लावला असेल तर शपथ.

त्यातली एक गोष्ट मला पाठ होती. एका व्यापाऱ्याची बायको नवऱ्याला सोडून शहरात शिवणाचं दुकान काढते. दुकान बुडतं, लोक तोंडावर हसतात, आणि ती ऐन गौरीच्या सणाला घरी येऊन नवऱ्याच्या पाया पडते. फ्रान्समध्ये गौर कुठून आली, हे मी विचारलं नाही. एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर असेल तिकडेही.

ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी चामराजपुरमला ब्लाउज शिवायचं दुकान काढणार होते. रस्त्यालगतची खोली बघून ठेवली होती, मशीन माहेरहून आलं होतं. गोष्ट ऐकली आणि खोली नको म्हणून कळवलं. त्या मशीनवर पुढची चाळीस वर्षं मी उशांचे अभ्रे शिवले.

या थंडीत यांचा मोतीबिंदू काढला. वाचायची बंदी. बोगादीला राहणारी नात रोज कामावरून सुटली की येऊन वाचून दाखवू लागली. आधी यांच्यासाठी इंग्रजी, मग माझ्यासाठी अर्धं मराठी, अर्धं कन्नड. हाताला लागलं ते बारकं पुस्तक तिनं काढलं. पहिल्या पानावर व्यापारी आला, दुसऱ्यावर त्याची बायको.

"दुसरं घे गं," हे म्हणाले. "ते सुम्मने आहे, उगाचचं. त्यात काही दम नाही."

"राहू दे," मी म्हटलं. "मला त्याचा शेवट आवडतो."

तिसऱ्या आठवड्यात शेवट आला. नातीनं पुस्तक मिटलं.

"आजी, दुकान मस्त चाललं. सहा बायका कामाला. नवरा बोलवायला आला, तर तिनं त्याच्या कोटाचं तुटलेलं बटण लावून दिलं आणि त्याला परत पाठवलं."

"आणि गौरीचा सण?"

"आजी, ते क्रिश्चन आहेत."

यांनी काळा चष्मा उगाच नीट केला. "लेखकानं केलेला शेवट मला पटला नव्हता."

"मग त्याला कळवायचं. मला कशाला?"

"तू गेली असतीस," हे म्हणाले.

"गेलेच असते. चामराजपुरमला, सिटी बसनं. संध्याकाळी पाचला परत."

नातीनं विचारलं, "उद्या कुठलं वाचू?"

"हेच," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

आणि दुसऱ्या दिवशी ती वाचायला बसली तेव्हा भिजवलेल्या अवरेकाळूचं पातेलं मी यांच्यापुढे सरकवलं. सालं काढायला डोळे लागत नाहीत.