दहा शेअर ठेवले असते तर

“चौदा हजार तीनशे रुपये,” मी कागदावरचा शेवटचा आकडा वाचला.

कुसगावला शंकरच्या घरच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. शंकरनं तो आकडा पुन्हा वाचायला सांगितला. मी वाचत असताना तो आपल्या थोरल्या भावाकडे, धोंडिबाकडे, बघत होता. धोंडिबा पान जुळवत होता. त्याचं बोट चुन्याच्या डबीतच राहिलं.

मी तेव्हा मुंबईला फोर्टमधल्या एका शेअर ब्रोकरच्या पेढीवर कारकून होतो. रोजचे भाव फळ्यावर लिहायचे आणि गिऱ्हाइकांचे कागद सांभाळायचे, हे माझं काम. दुसरी लढाई चालू होती. कापडाला मागणी वाढली होती आणि गिरण्यांचे शेअर रोज वर चढत होते. अशात पेढीवर शंकरचं पत्र आलं. तो लोणावळ्याला रेल्वेच्या लोको शेडमध्ये इंजिनांचा फिटर होता.

पत्रातली हकिगत साधी होती. त्याचे वडील लोणावळ्याजवळ तुंगार्लीला एका गिरणीमालकाच्या बंगल्यावर माळी होते. पहिल्या लढाईच्या वेळी मालकानं खूश होऊन त्यांना गिरणीचे दहा शेअर बक्षीस दिले. वडील गेल्यावर काही वर्षांनी धोंडिबानं ते शेअरला बेचाळीस रुपये या भावानं विकले. ते आजवर ठेवले असते तर किती झाले असते, याचा पेढीच्या शिक्क्याचा दाखला शंकरला हवा होता.

मी पत्र शेठना दाखवलं.

“दे करून,” शेठ म्हणाले. “फक्त ‘ठेवले असते तर’ हे लिहायला विसरू नकोस. आपल्या धंद्यातले सगळ्यात महाग शब्द आहेत ते.”

त्याच आठवड्यात शेठ हवापालटाला लोणावळ्याला निघाले होते आणि सह्यांचे कागद घेऊन मलाही जायचं होतं. टपालाचा खर्च कशाला, तिथून कुसगावला चालत जाऊन दे, असं त्यांनी ठरवलं. शेठ श्रीमंत का आहेत, हे मला अशा वेळी कळायचं.

हिशेब मी मन लावून केला. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक तुकडा. कंपनीला नफा झाला की त्या तुकड्यामागे जे पैसे वाटतात, तो डिव्हिडंड. कधी कंपनी जुन्या शेअरमागे नवा शेअर फुकट देते, तो बोनस. या गिरणीनं नुकताच एकास एक बोनस दिला होता. म्हणजे दहाचे वीस झाले. त्यांना आजच्या भावानं गुणलं. पंचवीस वर्षांचा डिव्हिडंड मिळवला. तो कोणी खर्च केला नाही, व्याजी ठेवला, असं धरून त्यावर व्याज चढवलं. हिशेब इतका देखणा झाला की मी तो उगाच दोनदा तपासला.

तो कशासाठी हवा आहे, हे मात्र मी विचारलं नव्हतं. ते त्या ओट्यावर कळलं. भावाभावांत वाटणी चालली होती. सोमवारी वडगावच्या कचेरीत जाऊन तसा कागद करायचा होता. शंकरचं म्हणणं असं, की चौदा हजारांतले निम्मे त्याचे होते आणि ते दादानं घालवले. त्याबदली ओढ्याकडचं खाचर त्याला एकट्याला मिळावं. खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत. घरात आंबेमोहर पिकायचा तो तिथंच.

मला वाटलं, धोंडिबा आता भांडेल. त्यानं कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि हळू आवाजात म्हणाला, “शिक्का हाय म्हंजे खरंच असंल. चूक माजी. घे खाचर.”

 माझ्या देखण्या हिशेबानं एका माणसाची भाकरी चालली होती. शंकरही थोडा गडबडला. एवढ्या लवकर जिंकायची त्याची तयारी नसावी.

धोंडिबाची बायको सोनाबाई दारात तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“सायेब, ह्या हिशोबात पंचवीस वर्सं कुणी जेवलंच न्हाई का?”

मी म्हणालो, मधे कोणी पैसे काढले नाहीत, असं धरलंय.

“मंग आता जेवून करा,” ती म्हणाली.

मी पेन्सिल काढली. सोनाबाईला सन ठाऊक नव्हते, पण काय कधी झालं ते सगळं ठाऊक होतं. सुरुवातीचे डिव्हिडंड सासऱ्यांनीच आणून खर्च केले होते; सासूबाईंच्या डोळ्याचं औषधपाणी त्यातून झालं होतं. मी ते खोडले, आणि त्यावरचं व्याजही खोडलं. शेअर विकून आलेल्या चारशे वीस रुपयांत एक म्हैस आली आणि घरावर मंगलोरी कौलं आली. आम्ही चौघं त्याच कौलांखाली बसलो होतो. त्यानंतर मंदी आली आणि त्या शेअरचा भाव एकोणीसपर्यंत घसरला. तेव्हा म्हणे शंकरनं अख्ख्या लोको शेडमध्ये सांगितलं होतं, आमच्या दादानं गिरणीवाल्यालाच बनवलं. शंकर खाली बघायला लागला.

“आन भावजी, तुमचा संप झालता,” सोनाबाई म्हणाली. “तीन म्हैनं पगार न्हवता. तवा शेअर घरात असते, तर ऱ्हायले असते का?”

शंकरनं मला त्या वेळचा भाव विचारला. माझ्या कागदावर सत्तावीस होता. त्यानं त्या आकड्यावर बोट ठेवून तो स्वतः वाचला. फिटरचा धंदा मापाचा. खोटं माप सांगणं त्याच्या जिवावर आलं असावं.

“इकले असते,” तो म्हणाला. “दुसऱ्याच म्हैन्यात.”

मी तिथं रेघ मारली. रेघेच्या खाली काहीच उरलं नाही. बोनस नाही, आजचा भाव नाही. चौदा हजार तीनशे संपले.

मग त्यानं मला विचारलं, की साहेब, तुम्ही असता तर ठेवले असते का? पेढीच्या अब्रूचा प्रश्न होता, पण मी खरं सांगितलं. मी त्याच गिरणीचे चार शेअर घेतले होते आणि पंचावन्नला विकून सायकल घेतली होती. आमच्या शेठनी तर तिसाला विकले होते, आणि आपण वाचलो म्हणून सगळ्या पेढीला चहा पाजला होता. धोंडिबा पहिल्यांदा हसला. शंकरला हसू आवरत नव्हतं, पण त्यानं ते पान खाण्यात घालवलं.

सोमवारी खाचर निम्मंनिम्म झालं, असं मला मागाहून कळलं. दाखला मात्र शंकरनं परत दिला नाही. सोनाबाईनं दिलेला शेरभर आंबेमोहर मी शेठच्या बंगल्यावर नेला. शेठनी भात खाल्ला, हकिगत ऐकली आणि तिसाच्या भावाबद्दल बाहेर बोलल्याबद्दल मला दोन शब्द सुनावले.

वर्षभरानं शंकर मुंबईला पेढीवर आला. पैसे साठवून आला होता. त्याला त्याच गिरणीचा एक शेअर हवा होता. आता मरेपर्यंत याला हात लावणार नाही, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. मी सर्टिफिकेट त्याच्या नावावर करून दिलं.

चार महिन्यांनी तो परत आला. शेअर विकला. नफा अकरा रुपये. त्यातल्या दोन रुपयांचे पेढे त्यानं पेढीत वाटले, आणि शेठच्याही हातात एक दिला.

पुढं तो शेअर कुठवर चढला, हे मला ठाऊक होतं. फळ्यावर भाव मीच लिहीत होतो. शंकर अधूनमधून लोणावळा स्टेशनवर भेटायचा. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. न मागितलेला हिशेब कारकुनानं करू नये.