हंड्यावरचा हात

“म्हातारा गेला. आता ती वहीवाली पोरगी कुणाकडे बघत बसणार?”

तांबट आळीतला बांगडीवाला शेजाऱ्याला सांगत होता. वहीवाली पोरगी, म्हणजे मी, त्याच्या मागेच उभी होते. समोर रामभाऊ तांबटांच्या दुकानाला कुलूप होतं... मी तिथूनच परत फिरले. त्याला अजून महिना व्हायचा आहे.

माझा चुलतभाऊ नितीनदादा दर रविवारी मित्रांना घेऊन आमच्या पंचवटीतल्या घरी एक खेळ मांडतो. अमेरिकेतल्या मामांनी पाठवलेल्या पुस्तकातला. फासे टाकायचे आणि योद्धा, चोर, मांत्रिक होऊन एका काल्पनिक नगरात फिरायचं. राक्षस आणि किल्ले दादा रचतो. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून नगरातली दुकानं माझ्याकडे आली. “प्रत्येक दुकानदाराचं एक कार्ड कर,” दादा म्हणाला होता. “काय बनवतो, काय हवंय त्याला, आणि काय लपवतो.” खेळताना मी कार्ड त्याच्या हातात द्यायचं, आवाज त्याने काढायचा.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझे पहिले लोहार, शिंपी गोष्टींच्या पुस्तकांतून उचललेले होते, अगदी निर्जीव. म्हणून सुट्टीत वही घेऊन रामभाऊंसमोरच्या पायरीवर बसू लागले. गिऱ्हाईक हंड्यावर टिचकी मारून विचारी, “आवाज खणखणीत आहे ना?” रामभाऊ हसून म्हणत, “ऐका की तुम्हीच!” आणि तळहात हंड्यावर टेकवत. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं... त्यांना ऐकूच येत नव्हतं. जन्मभराच्या ठोक्यांनी कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून ते निभावून नेत होते. मी कार्डावर लिहिलं, बहिरा आहे, गिऱ्हाइकांना कळू देत नाही.

खेळात ते सगळ्यांना फार आवडलं. दादाचा मित्र मिलिंद तर दर वेळी बहिऱ्या तांबटाच्या मागून भांडी लांबवायचा. मग एक दिवस, मला वही घेऊन पायरीवर बसलेली पाहून, कार्डावरचा तांबट कोण ते त्याला कळलं. तो खऱ्या दुकानाच्या ओट्यावर चढला आणि रामभाऊंच्या पाठीमागून ओरडला, “ए बहिऱ्या!” ठोके चालूच राहिले. समोर उभ्या बाईंनी मिलिंदकडे पाहिलं, रामभाऊंकडे पाहिलं, आणि बूड बसवायला आणलेला हंडा उचलून त्या चालू लागल्या. मिलिंद हसत माझ्याकडे टाळी मागत आला. रामभाऊंनी वळून ते पाहिलं. मग माझी वही पाहिली.

आठ दिवसांनी माफी मागायची ठरवून गेले. त्यांनी हातोडी खाली ठेवली. “वहीत माझंच लिहिलं ना गं पोरी? मग अर्धं नको ठेवू. हाताला कळतं. हे बी लिही.” त्यांनी हंडा पुढे सरकवला, मला तळहात टेकवायला लावला आणि फळीवर पाय आपटला. तांबं माझ्या हाताखाली थरथरलं. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती, वाट बघत... मी माफी न मागताच वही उचलून निघाले.

ती ओळ त्याच संध्याकाळी मी कार्डावर लिहिली. पण कार्ड सगळ्यांना पाठ झालं होतं, ती कुणी वाचली नाही.

परवाच्या रविवारी खेळ पुन्हा मांडला. रामभाऊ गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. “मी मागून जातो, मोठा हंडा उचलतो,” मिलिंद म्हणाला. “त्याला काय ऐकू येतंय!” सगळे हसले. दादाने कार्डासाठी हात पुढे केला. मी कार्ड दिलं नाही.

“त्यांचा हात हंड्यावर आहे,” मी म्हणाले. “तुझं पाऊल पडलं ते त्यांना कळलंय. आता समोर ये, मिलिंद, आणि माफी माग. तुझ्यानंतर मी मागणार आहे.”