दादांनी अडवलेला मेल

आमच्या विद्यापीठाच्या कार्यालयात दादा मेल गाळायचे. बाहेरून येणारा प्रत्येक मेल आधी त्यांच्या नियमांतून जायचा. स्पॅम अडायचा, बाकीचा पुढे. पण यंत्र चुकतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून रोज सकाळी ते अडलेल्या मेलची यादी उघडून एकेक ओळ वाचायचे आणि चुकून अडकलेला मेल सोडवायचे. मी तिथे सूचनांचे मसुदे लिहायचे. माझ्या साहित्याच्या पदवीची ते थट्टा करत. "तुला खोटं ओळखायला अख्खी कादंबरी लागते. मला एक ओळ पुरते."

मग एका अधिकाऱ्याने खोट्या मेलमधली फाइल उघडली आणि कार्यालय चार दिवस ठप्प झालं. वरून हुकूम आला : नियम कडक करा, घरून यादी उघडणं बंद, अडलेलं लगेच पुसून टाका. दादा भांडले. घासाघीस होऊन अडलेले मेल तीन दिवस राखायचं ठरलं. कडक नियम त्यांनीच लिहिला. 'अंतिम सूचना', 'अठ्ठेचाळीस तासांत', 'नाव वगळले जाईल', आणि सोबत फाइल. असा मेल दिसला की अडवायचा. भामटे असंच लिहितात.

त्यांची ताई मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत होती. तिला मेल वापरता येत नव्हता, म्हणून रुग्णालयाला तिने धाकट्या भावाचा, म्हणजे दादांचा, कार्यालयातला पत्ता दिला होता. नवे रक्त-अहवाल मागणारी दोन पत्रं तिच्या जुन्या घरी गेली. तिसरी सूचना मेलने आली, ती जोडून आलेल्या चार सुट्ट्यांच्या पहिल्याच दिवशी. दादा तेव्हा ताईच्या उशाशी बसले होते.

पाचव्या दिवशी दादा कार्यालयात आले, तेव्हा यादीत त्या मेलची फक्त नोंद उरली होती. रुग्णालयाचं नाव, अंतिम सूचना. मेल पुसला गेला होता. दादांनी तिथूनच फोन लावला. ताईचं नाव वगळलं होतं. विनवण्या केल्यावर पुन्हा घातलं, पण सगळ्यांच्या मागे.

ताईने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मेल आलाच नाही."

त्यानंतर ताई रुग्णालयाच्या नावाने बोटं मोडत राहिली. मी भेटायला गेले की मलाही ऐकवायची. "म्हणे पाठवला होता. अगं, माझ्या भावाच्या नजरेतून काही सुटतं का?" दादा तिथेच बसलेले असायचे. तिने तक्रार सांगितली, त्यांनी ती टाइप करून पाठवली. उत्तरात मेल पोचल्याची तारीख होती, वेळ होती. ते त्यांनी तिला दाखवलं नाही.

सात महिन्यांनी ती गेली.

परवा कार्यालयाच्या जिन्यात त्यांनी हे मला सांगितलं. तो नियम काढला का, एवढंच मी विचारलं.

"रुग्णालयांना सूट दिली. बाकी नियम बरोबर आहे. त्या आठवड्यात त्याने साठ खोटे मेल अडवले."

ते एक पायरी उतरले आणि थांबले.

"मला शिव्या घालून गेली असती तर बरं झालं असतं गं. माझा हात धरून गेली."