एकोणीस मिनिटांचं ऊन

बोग्ना विल्चेकला सगळं ऑफिस इंजिनियरबाई म्हणायचं, पण तिने आयुष्यात एक भिंतसुद्धा बांधली नव्हती. एकतीस वर्षं ती ऊन मोजत आली होती. वॉर्सात कुणाला उंच इमारत उभी करायची झाली, की शेजारच्या जुन्या घरांत ऊन किती उरणार याचा हिशोब द्यावा लागतो. नियम साधा आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या एकवीस तारखेला, सकाळी सात ते संध्याकाळी पाच या वेळात, दाट वस्तीतल्या घराच्या एका तरी खोलीत दीड तास ऊन आलं पाहिजे. ढग यात धरत नाहीत. मार्चमध्ये सूर्य दिसला तर आमच्याकडे लोक एकमेकांना फोन करून सांगतात, पण नियम करणाऱ्यांचं आकाश कायम निरभ्र. स्वयंपाकघरही खोलीत धरत नाहीत. तिथे फक्त बायका असतात, त्यांना ऊन कशाला, असा विचार झाला असावा.

बोग्ना सत्तावन्न वर्षांची होती. पेन्शनच्या आधीची चार वर्षं माणसाला नोकरीवरून काढता येत नाही, असा आमचा कायदा आहे. त्यामुळे छप्पन्नावा वाढदिवस झाल्या दिवसापासून सगळं ऑफिस तिच्याशी फार प्रेमाने वागू लागलं होतं. मालक बिएलाक तर स्वतः कॉफी आणून द्यायचे. जिला काढता येत नाही, तिला निदान गोड तरी ठेवावं.

तिचा मुलगा कायेतान मात्र एकोणतीस वर्षांचा होता. म्हणजे त्याला कधीही काढता येत होतं.

कायेतान सहा वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. वारला नाही, ग्दान्स्कला गेला. तेव्हापासून बोग्नाने पोराची काळजी करण्याचं काम दोघांच्या वाट्याचं केलं. पोरगा आर्किटेक्ट झाला, तिच्याच ऑफिसात लागला, वेगळं घर करून राहू लागला, तरी ती त्याच्या टेबलावर गुपचूप मफलर ठेवून जायची. तो साइटवर निघाला की सुरक्षा अधिकाऱ्याला फोन करायची, "त्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, तेवढं बघा हो." सुरक्षा अधिकारी तिचं नाव दिसलं की फोन उचलेनासा झाला होता.

आणि आता कायेतानला त्याचा पहिला टॉवर मिळाला होता. एका विमा कंपनीचं चव्वेचाळीस मजल्यांचं कार्यालय. सगळा टॉवर त्याचा नव्हे, फक्त डोकं. बिएलाकांनी सात जणांकडून शेंड्याचे आराखडे काढून घेतले आणि त्याचा निवडला. वरच्या चार मजल्यांच्या कोपऱ्यात काचेची बाग होती. ढगांत बसून संचालकांनी लिंबाच्या झाडाखाली विम्याचा विचार करावा, अशी कल्पना. कायेतान त्या बागेबद्दल असा बोलायचा, की बोग्नाला त्याचा पहिला दात आठवायचा.

टॉवरच्या मागे चार मजल्यांची जुनी विटांची इमारत होती. बोग्नाने सरकारी दप्तरातून तिचे नकाशे काढले, हिशोब केला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराला ऊन सगळ्यात कमी, तरी ब्याण्णव मिनिटं. दोन मिनिटं जास्तच. इथे थांबली असती तर ही गोष्टच घडली नसती. शहरातला कुठलाही शहाणा माणूस इथेच थांबतो. पण बोग्नाला सवय होती, ती प्रत्यक्ष जाऊन टेप लावून यायची.

त्या घरात ओतिलिया गाव्रोन्स्का राहायच्या. वय एक्क्याऐंशी, कंबर बिघडलेली, चाकांची फ्रेम ढकलत चालायच्या. खोलीच्या खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोची रोपं होती आणि खिडकीशी खुर्ची.

"बस पोरी," ओतिलियाबाई म्हणाल्या. "तिथे नको, ती ऊनवाली खुर्ची माझी. तू सावलीत बस, तुझं वय आहे सावलीत बसायचं."

बोग्नाने टेप काढला आणि तिच्या लक्षात आलं की नकाशात जिथे खोली आहे, तिथे स्वयंपाकघर आहे. आणि जिथे स्वयंपाकघर, तिथे खोली.

"हे उलटं कसं?"

"अगं, अख्खा जिनाच उलटा आहे! चौसष्ट साली जुलैच्या सरकारी सणाआधी इमारत पुरी करायची होती. मुकादमाने नकाशा उलटा धरला. दुसऱ्या मजल्यापर्यंत कुणाला कळलं नाही, आणि कळल्यावर कुणी बोललं नाही. सणाला बँड वाजला, फीत कापली. माझ्या नवऱ्याने विचारलं, तर म्हणाले, कॉम्रेड, घर मिळालंय ना?"

हिशोबातलं ब्याण्णव मिनिटांचं ऊन होतं ते स्वयंपाकघरात. तिथे ओतिलियाबाईंची फ्रेम दारातूनसुद्धा जात नव्हती, खुर्चीची तर गोष्टच नको. खोलीच्या वाट्याला टॉवरनंतर एकाहत्तर मिनिटं उरत होती. एकोणीस कमी, आणि ती बागेच्या कोपऱ्याने खाल्लेली.

बिएलाकांनी ऐकून घेतलं आणि तिच्यासाठी आणलेली कॉफी स्वतःच प्यायली.

"इंजिनियरबाई, नकाशावर शिक्का आहे ना?"

"आहे."

"मग झालं! सरकार म्हणतंय तिथे खोली आहे. आपण कोण सरकारला खोटं पाडणारे?"

"पण तिथे ओट्यावर कोबी शिजतोय, साहेब."

"कोबीवर शिक्का आहे का?"

मग त्यांना त्याहून छान कल्पना सुचली. मधली भिंत आपण फुकट पाडून द्यायची, म्हणजे स्वयंपाकघर आणि खोली एकच होईल, आणि कोबीला मिळालेलं ऊन खोलीच्या नावावर लागेल. चीजकेक घेऊन कायेतानला पाठवलं. ओतिलियाबाईंनी चीजकेक ठेवून घेतला आणि त्याला सांगितलं, "त्या भिंतीच्या टाइल्स माझ्या नवऱ्याने लावल्यात. वाकड्या आहेत, पण त्याच्या आहेत. तुझा टॉवर वाकडा कर की जरा, बाळा."

त्या रविवारी कायेतान आईकडे जेवायला आला. दर रविवारी यायचा. शेवया घातलेलं कोंबडीचं सूप समोर निवत होतं.

"आई, एकोणीस मिनिटं. म्हातारी तेवढ्या वेळात एक डुलकी काढते."

"उन्हात काढते."

"तू गेलीच कशाला तिथे? कुणी जातं का?"

"माझी सही असते त्यावर."

"आणि माझी बाग? कोपरा कापला तर शेंड्यावर काय उरेल? बिएलाक मला परत पार्किंगचे नकाशे काढायला बसवतील. बसवलं तर नशीब, नाहीतर बाहेर. तुला कुणी हात लावणार नाही, तू खुशाल प्रामाणिक रहा!"

हे मात्र बरोबर होतं, आणि म्हणूनच तिला फार लागलं. स्वतःची नोकरी जाणार असती तर तिने डोळे मिटून खऱ्या आकड्यावर सही केली असती आणि वर स्वतःचं कौतुकही केलं असतं. पण तिच्या प्रामाणिकपणाचं बिल पोराच्या नावावर फाटणार होतं. तीन दिवस तिने पेन हातात घेतलं आणि ठेवलं. नकाशावरचा शिक्का बघितला. शिक्का सुंदर होता, गोल, जांभळा. कुणालाही कळलं नसतं. म्हातारीलाही नाही. तिला फक्त जरा थंडी वाजली असती.

चौथ्या दिवशी तिने एकाहत्तर लिहिलं आणि सही केली. घरी येऊन पोरासाठी विणायला घेतलेला स्वेटर उसवून टाकला, मग रडली, मग परत टाके घातले.

कोपरा कापला गेला, तिरपा, चार मजले. बिएलाकांनी कायेतानला काढलं नाही. कारण त्या कापलेल्या कोपऱ्याचं चित्र त्यांनी परदेशातल्या एका स्पर्धेला पाठवलं आणि परीक्षकांना तो फारच आवडला. "शहरापुढे नम्रपणे झुकवलेलं मस्तक" असं काहीतरी त्यांनी लिहिलं. बिएलाक मुलाखतींत सांगू लागले की ही कल्पना त्यांना पहाटे फिरताना सुचली. जाहिरातीच्या पुस्तिकेत सूर्याचे अकरा फोटो होते. ओतिलियाबाईंचा एकही नव्हता.

कायेतानचं नाव पुस्तिकेत शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. त्याची बाग गेलीच होती. रविवारचं सूप बोग्ना तीन वर्षं एकटी पीत राहिली. नाताळला तो यायचा, माशातले काटे फार मन लावून काढायचा आणि जायचा. ऑफिसात "नमस्कार इंजिनियरबाई" म्हणायचा. मफलर तिच्या टेबलावर परत येऊन पडायचा.

टॉवरचा सांगाडा वरपर्यंत पोचला, तेव्हा रिवाजाप्रमाणे शेंड्यावर तोरण चढवायचं ठरलं. हिरव्या फांद्यांचं, रंगीत रिबिनींचं. ते चढलं की मालकाने कामगारांना जेवू घालायचं असतं. बिएलाकांनी मुद्दाम एकवीस मार्चचा दिवस निवडला, उन्हाचा दिवस म्हणून. खाली तंबूत आंबट कोबीची भाजी, सॉसेज आणि भाषणं. वर अर्थातच दाट ढग.

बोग्ना तंबूत गेली नाही. घड्याळ घेऊन ओतिलियाबाईंकडे गेली. खिडकीशी टोमॅटोची रोपं होती, ऊनवाल्या खुर्चीत ओतिलियाबाई होत्या, आणि सावलीतल्या खुर्चीत कायेतान बसला होता. मांडीवर हेल्मेट.

"हा तासभर बसलाय," ओतिलियाबाई म्हणाल्या. "म्हणतो, ऊन बघायला आलोय. मी म्हटलं, बघ बाबा, दिसलं तर मलाही सांग."

बोग्ना रोपांशेजारी उभी राहिली. बाराच्या सुमाराला ढग जरा फाटले, ऊन तिरप्या कोपऱ्यावरून घसरून खोलीत आलं आणि ओतिलियाबाईंच्या गुडघ्यावर पडलं. म्हातारीने लगेच डोळे मिटले. त्याच वेळी समोर क्रेनने तोरण वर नेलं आणि शेंड्यावर बांधलं. वाऱ्याने रिबिनी उडू लागल्या. खिडकीच्या चौकटीवर एक लहानशी सावली थरथरली.

कायेतानने ती बघितली. मग आईकडे बघितलं.

"आई, हे तोरण हिशोबात धरलं होतंस?"

बोग्नाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तात्पुरत्या वस्तू नियमात येत नाहीत," ती म्हणाली. मग राहवलं नाही. "उंची किती आहे त्याची?"

"दीड मीटर असेल. मोजायला लागेल."

"मग मोज. अंदाजाने बोलू नकोस. आणि रविवारी जेवायला येताना आकडा घेऊन ये." तिने हेल्मेटकडे बोट केलं. "वर चढशील तेव्हा ते मांडीवरचं डोक्यावर घाल."