आईच्या वाट्याचा लाडू
तुपात डिंक फुलायला लागला की त्या वासानं मला नांदुऱ्याच्या घरातली पडवी आठवते. विहिरीच्या पायऱ्यांवर पडून आईचा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं, पण पाय पार वाळून गेला होता. रोज दुपारी मालिशवाली खाला यायची, पाय चोळायची, गुडघा वाकवून घ्यायची आणि आईला भिंत धरून चालवायची. मात्र आईनं डिंकाचा लाडू खाल्ल्याशिवाय ती पायाला हात लावायची नाही. "उपाशी पायाले कितीबी चोळा, ताकद कुठून येईन?" म्हणायची. घरातल्या सगळ्यांचं झाल्याशिवाय आईला घास गोड लागत नसे. एके दिवशी खाला तेल कोमट करायला चुलीपाशी गेली, तशी आईनं पदराआडचा लाडू माझ्या हातात दिला. "खाय लवकर, तिले सांगू नोको." मी रोजच्यासारखा खाल्ला. खाला परतली, माझ्या ओठावरचा खोबऱ्याचा कीस तिनं पाहिला, आणि तेलाची वाटी खाली ठेवली. मग थकल्या आवाजात म्हणाली, "बाई, पाय तुहा मोडला अन् लाडू पोरीच्या पोटात. आता चालन कोन?" आई नुसती हसली. पुढे ती चालली, पण जन्मभर लंगडत. आता माझ्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. व्यायाम करून घेणारी मुलगी रोज बजावते, "आजी, नीट खा, नाहीतर पायात जोर येणार नाही." सुनेनं केलेला लाडू आज हातात घेतला, तर नात दारात उभी राहून बघत होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि सबंध लाडू खाल्ला.