समोरासमोर दोन पाट

तक्रार घेऊन कोणीही आले, की मास्तर उजव्या हाताचा तळवा वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. आधी त्याचं सांगा."

आलेला माणूस गोंधळायचा, कारण तो स्वतःचे सांगायला आलेला असायचा. तुमच्याही ओळखीत अशी बोलणे अडवणारी माणसे असतील. ती बहुधा ऐकायचे टाळण्यासाठी अडवतात. मास्तरांचे ऐकणे तिथून सुरू व्हायचे.

नवी पेठेतली कापडदुकाने मागे टाकून आत वळले, की एका गल्लीत जुने बोर्डिंग आहे. खेड्यापाड्यांतली मुले तिथे राहून शिकतात. मी त्याच्या समोर राहतो. माझे आयुष्य वकिलीत गेले. मास्तरांचे त्या बोर्डिंगचे गृहप्रमुख म्हणून गेले.

संस्थापकांनी घालून दिलेली एक रीत तिथे चालत आली होती. शनिवारी संध्याकाळी पडवीत जेवणाचे दोन पाट समोरासमोर मांडायचे. एकावर तक्रारदार बसायचा, दुसऱ्यावर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो. तक्रारदाराने आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि तीसुद्धा 'मी' म्हणून. समोरचा "व्हय, असंच" म्हणेपर्यंत स्वतःविषयी चकार शब्द काढायचा नाही. मास्तर खाली फरशीवर बसत. निकाल ते कधीच देत नसत. गणित आणि इंग्रजी दिवसा शाळा शिकवतेच, बोर्डिंगने शिकवायचे ते हे, असे त्यांचे मत होते.

एका शनिवारी मोहोळकडचा एक मुलगा लालबुंद होऊन पाटावर बसला. घरून आलेला शेंगाचटणीचा डबा समोरच्याने फस्त केला होता. मास्तरांचा तळवा वर झाला.

मुलगा चरफडत सुरू झाला. "मी लई खादाड हाय."

"न्हाय," समोरचा म्हणाला.

"मला चटणी आवडती."

"न्हाय. म्हंजी आवडती, पर त्ये न्हाय."

मोहोळकराने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाला, "माजा डबा घरनं येत न्हाय. सगळी डबं उघडत्यात तवा मी पाणी प्यायला भाईर जातो."

"व्हय," समोरचा म्हणाला. "असंच."

मग मोहोळकराला स्वतःची बाजू आठवली. "पर म्हून सगळीच संपवायची व्हय रं?"

सगळ्यात आधी हसला तो चटणीचोर.

मलाही त्या पाटाने सोडले नाही. पहाटे मुले बादल्यांचा असा खणखणाट करत, की गल्लीत झोप लागत नसे. मी कलमांचा हवाला देऊन दोन पानी तक्रार लिहिली आणि ती मास्तरांच्या हाती ठेवली. त्यांनी तिची नीट घडी करून मला परत दिली. "वकीलसाहेब, बसा की." समोर आठवीतला एक मुलगा आणून बसवला. मी त्याची बाजू मांडू लागलो, आणि तो दर वाक्याला शांतपणे म्हणे, "तसं न्हाय, आबा." आयुष्यभर प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून काढणाऱ्या मला ते नीट मांडता येईना. पुढे कळले, नळाला पाणी पहाटे तेवढाच वेळ यायचे.

मग नवे सचिव आले. शनिवारची संध्याकाळ स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला दिली गेली, पडवीत कॅमेरा बसला, आणि एका बैठकीत मास्तरांना सेवेतून मुक्त केल्याचा ठराव झाला. त्या बैठकीला त्यांना बोलावलेले नव्हते. त्यांना नोटीस दिली नाही, खुलासा मागवला नाही. ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा त्याचे ऐकून घ्यावे, हे कायद्याचे पहिले तत्त्व आहे. आणि ज्या वास्तूत मुलांना तेच शिकवले जाते, तिथेच ते पायदळी तुडवले गेले. मी विश्वस्तांना पत्रे लिहिली, वर्तमानपत्रांना लिहिली. कोणाचेही उत्तर आले नाही. अखेर धर्मादाय आयुक्तांकडे करायचा अर्ज तयार केला. त्यावर फक्त मास्तरांची सही हवी होती.

ती घ्यायला मी सांगोल्याकडच्या त्यांच्या गावी गेलो. मास्तर दारात शेळीला पाला घालत होते. मी अर्ज वाचायला सुरुवात केली आणि तळवा वर झाला.

"आधी सचिवांचं सांगा."

"मास्तर, तुम्हाला हाकललंय त्यांनी."

"व्हय की. पर त्येंचं काय म्हननं हाय?"

मी दात ओठ खात सांगितले. प्रवेश कमी होत चालले आहेत. पालक निकाल विचारतात. शनिवारची संध्याकाळ भांडणे ऐकण्यात घालवणे परवडत नाही.

मास्तर लक्षपूर्वक ऐकत होते. "चांगलं सांगितलं. पर असंच हाय का, ते मी कसं सांगू? त्येनी म्हनायचं. त्येंच्याकडनं वदवा, मग सही करतो."

मी सचिवांकडे गेलो. अनेकदा गेलो. ते दर वेळी चहा मागवत आणि म्हणत, "साहेब, आपण लेखी द्या." पावसाळा गेला, हिवाळा गेला. अर्ज माझ्या पिशवीत राहिला, आणि एका सकाळी मास्तर गेल्याचे गावाहून कळले.

बोर्डिंगमध्ये शोकसभा झाली. सचिवांनी मास्तरांना वंदनीय म्हटले, रीतीला वारसा म्हटले. मग मला दोन शब्द बोलायला सांगितले.

मी मास्तरांविषयी बोललो नाही. सचिवांकडे तोंड करून म्हणालो, "मी या संस्थेचा सचिव आहे. माझे प्रवेश कमी होत आहेत. पालक मला निकाल विचारतात, शनिवारविषयी कोणी विचारत नाही. बोर्डिंग बंद पडले, तर दोष माझ्या माथी येईल, आणि या भीतीने मला झोप लागत नाही."

शेवटचे वाक्य मी मास्तरांना सांगितले नव्हते. ते मला तिथेच सुचले. सचिव माझ्याकडे पाहत राहिले. मग नकळत म्हणाले, "हो. असंच आहे."

मुलांमध्ये चुळबुळ झाली. पुढे काय असते, हे त्यांना ठाऊक होते. मी पिशवीतून अर्ज काढला. "आता मास्तरांचं ऐका."

सचिव भानावर आले. घड्याळाकडे पाहून ते माइकशी आले. "वेळेअभावी आपण इथेच थांबू. सर्वांनी उभे राहून दोन मिनिटे स्तब्धता पाळावी."

सगळे उभे राहिले. अर्ज हातात धरून मीही गप्प उभा होतो. समोर भिंतीशी काचेचे नवे कपाट होते. आत दोन्ही पाट पॉलिश करून एकावर एक ठेवले होते.